मांडणशिल्प की देखावा? वाळूजहून काही प्रश्न

(वाळूज येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

पहिली शिफ्ट संपवून थेट इथं आलेले बरेच जण समोर दिसताहेत, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. आम्ही काही मंडळी, कोणी वास्तुकला शिकवणारे, कोणी फॅब्रिकेशनच्या धंद्यातले, गेली काही वर्षं एका गोष्टीवर आपसात वाद घालत आलो आहोत. आज तो वाद तुमच्यासमोर मांडायचा आहे.

विषयाचं नाव जरा जड आहे. 'मांडणशिल्प : वास्तुकलेतल्या संशोधनाचा एक मार्ग'. इन्स्टॉलेशनला मराठीत मांडणशिल्प हा शब्द आता चांगला रुळला आहे. चित्र भिंतीवर टांगतात, पुतळा चौथऱ्यावर बसवतात. मांडणशिल्पात जागाच मांडलेली असते आणि पाहणारा तिच्या आत शिरतो. वाळूजमध्ये मात्र इन्स्टॉलेशन म्हटलं की आधी मशीन आठवते. नवी प्रेस आली, फाउंडेशन बोल्ट बसले, लेव्हल घेतली, झालं इन्स्टॉलेशन. (हशा) हसू नका, कारण आम्हाला याच अर्थाच्या जवळ जायचं आहे.

नवी डाय टूल रूममधून आली की पहिल्याच दिवशी तिच्यावर माल काढायला कोणी सुरुवात करत नाही. ट्रायल घेतात. पहिला पीस निघतो, क्वालिटीवाला त्याला गेज लावतो, कधी पीस कापून आत बघतो. दिसायला तो कितीही चकचकीत असो, मापात नसेल तर रिजेक्ट. आणि महत्त्वाचं काय, तर तो का रिजेक्ट झाला हे कागदावर लिहिलं जातं. तो कागद घेऊन डाय परत टूल रूमला जाते, दुरुस्त होते, दुसरी ट्रायल होते. १९८५ साली बजाजचा कारखाना इथं सुरू झाला, त्यामागून सुटे भाग करणारे शेकडो छोटे-मोठे कारखाने आले, आणि हे शहाणपण या वसाहतीच्या अंगवळणी पडलं. तुमच्यापैकी अनेकांना ते इतकं सवयीचं आहे की त्याला कोणी संशोधन म्हणत नाही.

आमचं आजचं म्हणणं असं, की वास्तुकलेतलं मांडणशिल्प जेव्हा स्वतःला संशोधन म्हणवतं तेव्हा त्यालाही हाच गेज लावावा. त्यानं कोणता प्रश्न विचारला? तो पीस रिजेक्ट होण्याची काही शक्यता होती का? आणि ट्रायलचा कागद शेवटी कुठं गेला?

हे विचारायची गरज काय? तर मराठीत 'देखावा' हा शब्द मोठा मजेदार आहे. गणपतीत आपण देखावे बघायला जातो, आणि एखादा माणूस नुसताच आव आणत असेल तर म्हणतो, देखावा करतोय. एकच शब्द, दोन्हीकडे चालतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२०च्या महिला गटाची बैठक आपल्या शहरात झाली. तेव्हा भिंती रंगल्या, दिवे लागले, चौक सजले. शहर पाहुण्यांसाठी सजलं तर त्यात वाईट काही नाही. फक्त त्या सजावटीला कोणी संशोधन म्हणालं नाही, हे बरं झालं. वास्तुकलेच्या जगात मात्र हा शब्द फार सैल वापरला जातो. विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या अंगणात पीव्हीसी पाइप जोडून काहीतरी वाकडंतिकडं उभं केलं की खाली पाटी लागते : संशोधनात्मक मांडणशिल्प. काय शोधलं असं विचारलं तर उत्तर येतं, अवकाशाशी संवाद साधला.

देखाव्याला आम्ही कमी लेखतो असं कृपया समजू नका. पुण्यातल्या मंडळांचे हलते देखावे घ्या. एका मोटरवर पाच-सहा मूर्तींचे हात, माना आणि डोळे वेगवेगळ्या वेळी हलवायचे, त्यासाठी कॅम कसे कापायचे, साखळी कुठून फिरवायची, हे करणाऱ्या माणसानं खरोखरचा प्रश्न सोडवलेला असतो. मूर्तीचा हात अडकला तर मांडवातल्या गर्दीसमोर अडकतो. आमच्या गेजनं मोजलं तर तो माणूस संशोधक ठरतो. त्याचं उत्तर कुठं लिहून राहत नाही आणि विसर्जनानंतर सगळं सुटं होऊन गोदामात जातं, ही दुःखाची गोष्ट.

थोडी शास्त्राची बाजू. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली एक छोटा निबंध लिहिला आणि कला-अभिकल्पातल्या संशोधनाचे तीन प्रकार वेगळे केले : कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं. त्यातला मधला, 'कलेतून होणारं', मांडणशिल्पवाल्यांच्या फार आवडीचा. वस्तू करता करता जे कळतं ते दुसऱ्या वाटेनं कळणार नाही, असा त्याचा दावा. दावा खराच आहे. पण करता करता काय कळलं हे करणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, आणि ते दुसऱ्याला वापरता आलं पाहिजे. एवढी अट काढून टाकली की सगळंच संशोधन होऊन बसतं.

ही अट पुरी झाली की काय होतं त्याचं एक जुनं उदाहरण देतो. १९६७च्या माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनासाठी फ्राय ओटो हे जर्मन वास्तुरचनाकार पश्चिम जर्मनीचा मंडप करत होते. तारांचं प्रचंड जाळं खांबांवर ताणून छप्पर करायचं होतं. अशा मापाचं काम तोवर कोणी केलेलं नव्हतं, नुसत्या गणितावर भरवसा ठेवणं अवघड होतं. म्हणून त्यांनी स्टुटगार्टच्या फायहिंगेन भागात चाचणीसाठी एक तंबू उभा केला. जाळं कसं उचलायचं, कसं ताणायचं, हे त्यावर बघितलं. माँट्रिअलचा मंडप झाला, गाजला, पुढं गेलाही. चाचणीचा तंबू मात्र त्यांनी मोडला नाही. त्याला आच्छादन घालून हलक्या बांधकामांवर संशोधन करणाऱ्या त्यांच्या संस्थेची इमारत केली. ट्रायल पीसमध्येच माणसं कामाला बसली! टूल रूमवाल्यांना यातली गंमत लगेच कळेल.

आता महाराष्ट्रात येऊ. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बांबूचा एक मोठा मांडव उभा होता. नाव बीएमडब्ल्यू गुगेनहाइम लॅब. मोटार कंपनीचा पैसा, न्यूयॉर्कच्या संग्रहालयाची संकल्पना, आणि रचना जपानच्या 'आतेलिये बाउ-वाउ' या वास्तुरचनाकारांची. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली हीच लॅब कार्बन फायबरच्या सांगाड्यात उभी होती, मुंबईसाठी तिचं रूप बांबूच्या मांडवाचं केलं गेलं. आत व्याख्यानं झाली, कार्यशाळा झाल्या, खासगी आणि सार्वजनिक जागा यांच्यावर चर्चा झाल्या. प्रवेश मोफत होता. चर्चा कामाच्या होत्या, याबद्दल आमचा वाद नाही.

वाद मांडवाबद्दल आहे. ज्या शहरात मंडपवाला एका रात्रीत दोन हजार माणसांचा मांडव उभा करतो, इमारतीच्या दर्शनी भागाला बांबूची परांची बांधणारे कामगार सातव्या मजल्यावर काथ्यानं गाठी मारतात, त्या शहराला बांबूच्या मांडवानं नवं काय शिकवलं? गाठ बदलली का? बांबू पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून काही सुचलं का? पावसात काय होतं ते बघितलं का? पावसाचा तर प्रश्नच नव्हता, कार्यक्रम थंडीतला होता. ज्यांना बांबू कळतो त्या माणसांकडून मांडव बांधून घेतला, चर्चेचा विषय दुसराच निघाला. आमच्या मते तो चांगल्या अर्थानं देखावा होता. लॅब, म्हणजे प्रयोगशाळा, हे नाव तेवढं जास्तीचं होतं. मूळ बेत नऊ शहरांचा होता, मुंबईनंतर, म्हणजे तिसऱ्याच शहरानंतर, तो थांबला. नऊ शहरांत प्रत्येक वेळी तिथल्या साहित्यात मांडव केला असता तर तुलना तरी झाली असती.

यापेक्षा बरंच गंभीर काम स्टुडिओ मुंबईचं आहे, म्हणजे बिजोय जैन आणि त्यांच्याबरोबर काम करणारे सुतार, गवंडी, कारागीर यांचं. त्यांच्या कामाबद्दल आमच्यात दोन तट आहेत, ते लपवत नाही. २०१० साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक प्रदर्शन झालं. काही वास्तुरचनाकारांना सांगितलं होतं, छोटी जागा बांधा, पण पूर्ण मापात, एकास एक. स्टुडिओ मुंबईनं काय बांधलं? मुंबईतल्या इमारतींमधल्या चिंचोळ्या फटीत उभ्या राहणाऱ्या अनधिकृत घरांवरून घेतलेली एक जागा. चालताना खांदे घासतील अशी वाट, त्याला लागून झोपायची जागा, पूजेची जागा, वरून येणारा उजेड.

हे संशोधन होतं का? एका तटाचं म्हणणं, होय. कारण कुठल्याही सर्वेक्षणात अशा घराची नोंद 'झोपडं, इतके चौरस फूट' एवढीच होते. त्या मापात माणसं कशी सामावतात, कोणत्या कोपऱ्यात कोण बसतं, भांडी कुठं जातात, हे आराखड्यात दिसत नाही. ते अंगावर घेऊनच कळतं. कागदावर अडीच फूट लिहिणं आणि अडीच फुटांतून पाण्याची कळशी घेऊन जाणं यात फार फरक आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की त्या अडीच फुटांचा अनुभव लंडनकरांना मिळाला. फटीतलं घर पाडायचं की नियमित करायचं हे ठरवणारा महापालिकेचा अभियंता त्या वाटेतून चालला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर मुंबईत हवं होतं ते लंडनला देऊन आले. आम्ही स्वतः या दुसऱ्या बाजूला जास्त झुकतो.

पुढचं उदाहरण २०१६चं. मेलबर्नमध्ये तेव्हा दरवर्षी एका बागेत एखाद्या वास्तुरचनाकाराकडून हंगामी मंडप करून घेत असत, त्याला एमपॅव्हिलियन म्हणतात. त्या वर्षी तो मान स्टुडिओ मुंबईला मिळाला. बांबू सात किलोमीटर, दोर सव्वीस किलोमीटर, स्थानिक ब्लूस्टोन पन्नास टन, असे आकडे तेव्हा दिले गेले. पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते छप्पर, कारण ते कारवीचं होतं.

कारवी सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा डोंगर निळाजांभळा होतो आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या घरांना कारवीच्या काठ्यांचा कुड असतो, वर शेणमातीचा लेप. भिंत हलकी, आतून हवा खेळते, पडली तरी जीव घेत नाही. त्याच कारवीच्या काठ्या इथल्या कारागिरांनी गुंफल्या, त्यांचे पॅनेल झाले आणि ऑस्ट्रेलियाला गेले. बांबूच्या सांध्यांना लाकडी खुंट्या आणि दोर. अशी वस्तू परदेशातल्या सार्वजनिक बागेत उभी करायची म्हणजे तिथल्या नियमांत बसवायची, वाऱ्यापावसाला उत्तर द्यायचं. इथं पीस रिजेक्ट होण्याची शक्यता खरीच होती. तो झाला नाही. हंगाम पार पडला आणि मंडप नंतर मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हलवला गेला.

म्हणजे ट्रायल पास झाली. कारवी, बांबू आणि दोर यांचं छप्पर गर्दीच्या जागी सुरक्षित उभं राहू शकतं हे सिद्ध झालं. आता तिसरा प्रश्न, कागद कुठं गेला? रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या कातकरी वाडीवर घरकुल मंजूर होतं तेव्हा काय होतं ते बघा. सरकारी मोजणीत गवत, बांबू, माती यांच्या भिंती कच्च्यात धरतात. कुडाचं घर हे कच्चं घर, आणि कच्चं घर हेच गरिबीचं लक्षण. घरकुल म्हणजे सिमेंटच्या भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब. मेलबर्नच्या बागेत पास झालेली कारवी आपल्या वाडीवर नापास आहे. याचा दोष स्टुडिओ मुंबईच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, घरकुलाचे निकष ते लिहीत नाहीत. पण निकाल हातात असताना तो निकष लिहिणाऱ्याच्या टेबलापर्यंत नेणं हासुद्धा संशोधनाचाच भाग आहे, आणि वास्तुकलेच्या जगात तो भाग कोणी आपला समजत नाही. छायाचित्रं निघतात, मासिकांत येतात, तिथं काम संपतं.

अनुपमा कुंडू यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला. त्या जन्मानं पुण्याच्या, शिक्षण मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयातलं. तमिळनाडूत ऑरोव्हिलजवळ त्यांनी स्वतःसाठी 'वॉल हाउस' बांधलं, ते २००० साली पूर्ण झालं. हातानं केलेल्या पातळ विटा, पोकळ मातीच्या घटकांची छतं. २०१२च्या व्हेनिस वास्तुकला द्वैवार्षिकीत त्यांनी ते घर पूर्ण मापात पुन्हा उभं केलं. भारतातून कारागीर गेले, ऑस्ट्रेलियाच्या आणि व्हेनिसच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं. घर आधीच उभं होतं, मग चाचणी कशाची? आमच्या मते चाचणी हाताची होती. गवंड्याच्या हातातलं कसब, ज्याला त्याची भाषासुद्धा येत नाही अशा विद्यार्थ्याकडे किती आठवड्यांत जातं? विद्यापीठ शिकवतं आणि मजूर शिकतो ही नेहमीची उतरंड तिथं उलटी झाली. या कामाबद्दल लिहिताना ते कारागीर बहुधा 'भारतीय कारागिरांचा चमू' एवढेच उरतात, हे खटकतं. शिकवणाऱ्याचं नाव असावं.

आता जवळच्या गोष्टीकडे येतो. वैजापूरमार्गे गेलं तर इथून शंभरेक किलोमीटरवर कोपरगाव. तिथं शाळेच्या आवारात माया सोमैया ग्रंथालय आहे, मुंबईच्या समीर पडोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं, २०१८ सालचं. ही इमारत आहे, मांडणशिल्प नव्हे, म्हणून कोणी म्हणेल विषयांतर होतंय. थोडा धीर धरा.

छप्पर म्हणजे पातळ विटांचं थरांवर थर दिलेलं एक कवच. ते जमिनीतूनच उगवतं, वर चढतं आणि परत जमिनीला टेकतं, त्यामुळे मुलं छपरावर पळत जातात. खाली वाचनालय, वर खेळाचं टेकाड. हा आकार हौसेचा नाही. वीट दाब सहन करते, ताण सहन करत नाही. म्हणून छपराला असा आकार द्यायचा की प्रत्येक विटेवर फक्त दाबच येईल. स्पेनमधल्या कॅटलोनियात पातळ विटांच्या घुमटांची ही जुनी रीत होती. गाउदी यांनी बार्सिलोनाजवळच्या एका चर्चसाठी दोऱ्यांना छोट्या पिशव्या टांगून उलटं मॉडेल केलं होतं. लोंबत्या दोरीत फक्त ताण असतो, ती आकृती उलटी केली की फक्त दाब उरतो. इतकं साधं, आणि इतकं सुंदर. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या फिलिप ब्लॉक यांच्या गटानं हाच विचार संगणकात आणला आणि वेळोवेळी पूर्ण मापाची मांडणशिल्पं करून तो तपासला. २०१६च्या व्हेनिस प्रदर्शनात त्यांनी चुनखडी दगडाच्या ३९९ तुकड्यांची कमान उभी केली. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड टेकलेला. काही ठिकाणी जाडी फक्त पाच सेंटिमीटर. कोपरगावच्या ग्रंथालयाचा आकार ठरवताना याच गटानं तयार केलेलं संगणकाचं साधन वापरलं गेलं.

म्हणून आम्ही इथवर आलो. व्हेनिसच्या प्रदर्शनात जाणारी कमान आणि कोपरगावच्या शाळेतलं छप्पर यांच्यामध्ये एक कागद आहे, जो हातोहात पोहोचला. कॅटलोनियातले गवंडी, गाउदी यांच्या दोऱ्या, झुरिकचं गणित आणि कोपरगावातल्या विटा. प्रदर्शनाची वस्तू आणि वापराची वस्तू यांच्यातली साखळी तुटलेली नाही. स्टुटगार्टच्या विद्यापीठातही असंच झालं. आखिम मेंगेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून विद्यार्थ्यांबरोबर एकामागून एक मंडप केले. पहिल्यात पातळ प्लायवूडच्या पट्ट्या वाकवून बघितल्या, पुढच्यांत काच आणि कार्बनचे धागे यंत्रमानवाकडून विणून घेतले. एकाचा निकाल पुढच्याची सुरुवात. २०१९मध्ये हाइलब्रॉनच्या उद्यान प्रदर्शनात तेवीस मीटरवर पसरलेला धाग्यांचा मंडप उभा राहिला तो या मालिकेतून. आपल्याकडे दर वर्षी काळा घोड्याच्या उत्सवात मांडणशिल्पं होतात, गर्दी लोटते, लोक सेल्फी काढतात. तिथं या वर्षीचं काम गेल्या वर्षीच्या कामाला काही विचारताना आम्हाला दिसत नाही.

कोपरगाव तालुक्यातच, साकरवाडीला, याच वास्तुरचनाकारांचं जेतवन नावाचं केंद्र आहे. त्याच्या भिंती खाणीतल्या बेसाल्टच्या भुकटीच्या, साच्यात ठोकून केलेल्या. छपरात मातीच्या वळ्या. भुजच्या हुन्नरशाळेची त्यात साथ होती. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण खडी फोडल्यावर उरणारी भुकटी आपल्याकडेही कमी नाही.

तर मग वाळूजचं मांडणशिल्प कसं असेल? कोणी म्हणेल, भंगारातल्या नटबोल्टचा घोडा करून चौकात उभा करू. करा, मुलांना आवडेल. पण आम्हाला विचाराल तर इथला प्रश्न छपराचा आहे.

रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, बजाजनगरच्या कडेच्या वस्त्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, भाड्यानं, तीन-चार जण मिळून. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते इथं सांगायला नको. त्यावरचं ठरलेलं उत्तर असतं : पत्रा काढा, स्लॅब टाका. पण जरा शिफ्ट लक्षात घ्या. पत्रा पातळ असतो, दुपारी मिनिटांत तापतो, तसाच रात्री उघड्या आभाळाखाली भराभर गार होतो. स्लॅब जाड, तो दिवसभर उष्णता पोटात साठवतो आणि रात्री सावकाश खोलीत सोडतो. म्हणजे पहिल्या शिफ्टचा माणूस, जो रात्री झोपतो, त्याला मे महिन्यात स्लॅब रात्रभर भाजणार. आणि तिसऱ्या शिफ्टचा माणूस, जो सकाळी येऊन दिवसा झोपतो, त्याला पत्रा मारणार. एकाच खोलीत दोघं आळीपाळीनं राहतात. चांगलं छप्पर कोणाचं?

हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात आम्हाला सापडलेला नाही, आणि पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बसून तो सुचणारही नाही. तो वाळूजचा आहे. त्यासाठी पूर्ण मापाच्या चार खोल्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या. एकावर नुसता पत्रा. दुसऱ्यावर चुन्यानं पांढरा केलेला पत्रा, खाली हवेची फट ठेवून चटईचं किंवा पॅकिंगच्या पुठ्ठ्याचं दुसरं छत. तिसऱ्यावर स्लॅब. चौथीवर मातीच्या वळ्यांचं हलकं छप्पर. दारावर फळा, त्यावर दुपारी दोनचं आणि रात्री दोनचं तापमान खडूनं लिहायचं, रोज, पूर्ण उन्हाळाभर. आणि शिफ्टवरून आलेल्या माणसानं तिथं झोपून बघायचं, कारण थर्मामीटरला घाम येत नाही.

मातीचं नाव घेतलं की मराठवाड्यातल्या माणसाला माळवद आठवतं. लाकडी तुळया-सरांवर पांढऱ्या मातीचा फूटभर थर, खाली दगडाच्या रुंद भिंती. दुपारी गारेगार. आणि तेच माळवद ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत लोकांच्या अंगावर आलं. मातीत रचलेल्या दगडी भिंती फाकल्या, वरचा जड थर खाली आला, हजारो माणसं झोपेतच गेली. 'आपले पूर्वज किती शहाणे होते' असं म्हणत मातीकडे परत जायला सांगणारे आम्हाला म्हणूनच आवडत नाहीत. आणि मातीला हातच लावू नका म्हणणारेही नाही. गारवा माळवदाचा हवा आणि वजन पत्र्याचं हवं, हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, त्याला ट्रायल लागते. चौथी खोली कदाचित रिजेक्ट होईल. झाली तर का झाली ते फळ्यावर लिहायचं. ती करण्याचं कारणच ते.

आमचं बोलणं इथं संपवतो. काही प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

प्रश्न : हे सगळं तर सिव्हिल इंजिनिअरिंगचं काम झालं. यात कला कुठं आहे?

रास्त प्रश्न आहे. प्रयोगशाळेत पत्र्याचा तुकडा दिव्याखाली ठेवूनही आकडा मिळेल. पण खोलीमालक आकडा वाचून छप्पर बदलणार नाही. तो दुपारी दोन वाजता पहिल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला, आणि दारात त्याचं अंग थांबलं, तर बदलेल. चार दारं एका ओळीत ठेवायची की समोरासमोर, आत नुसती खाट ठेवायची की कोणाचे तरी डबे, चपला, दोरीवरचे कपडे, गावाकडच्या देवाचा फोटो, हे ठरवणाऱ्याला जागा मांडता आली पाहिजे. ते काम कलावंताचं. स्टुडिओ मुंबईनं लंडनमध्ये हेच फार उत्तम केलं होतं, आमची तक्रार पत्त्याबद्दल होती.

प्रश्न : पैसा कोण देणार? कंपन्यांना यात काय मिळणार?

चार खोल्यांचा खर्च चौकातल्या एखाद्या मोठ्या शिल्पापेक्षा जास्त होईल असं आम्हाला वाटत नाही. साहित्यातलं बरंचसं इथंच पडलेलं असतं : कापलेला पत्रा, पॅकिंगची लाकडं, पुठ्ठा. कंपनीला काय मिळणार म्हणाल तर दिवसा नीट झोपलेला तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर. प्रेसवर हात असणाऱ्या माणसाची झोप अपुरी असेल तर काय होतं, हे या सभागृहात आम्ही सांगावं असं काही नाही.

प्रश्न : मी फॅब्रिकेटर आहे. उन्हाळा संपल्यावर त्या खोल्यांचं काय करायचं? मोडायच्या?

नाही. फ्राय ओटो यांचा तंबू आठवा. नटबोल्टवर जोडा, वेल्डिंग कमी ठेवा. जी खोली पास होईल ती उचलून वस्तीत नेता आली पाहिजे. आणि सांधा कसा करायचा ते तुम्हीच आम्हाला सांगा. सभा संपल्यावर थांबा, आम्ही स्केच आणलं आहे.